शब्दचर्चा : शेंदूर, सिंदूर, कुंकू, काजळ आणि सुरमा

महालकर : नागपूरच्या इतवारी बाजारात कुंकू मागितलं की दुकानदार विचारतो, "कुंकू देऊ की सिंदूर?" शेजारच्याच बरणीत मारुतीचा शेंदूर. शेंदूर आणि सिंदूर एकच ना? भांगात भरायला कोणता चालतो? काजळ-सुरमा ही जोडीही आपण एका दमात म्हणतो, त्यात फरक काय?

रसायनाचे मास्तर : ताई, शब्द एकच, वस्तू मात्र एक असेलच असं नाही. संस्कृत सिन्दूर मराठीत शेंदूर झाला, हिंदीत सिंदूर राहिला. दोन्हींचा जुना अर्थ शिशाचा नारिंगी-तांबडा ऑक्साइड. त्याच्या वजनात सुमारे 90 टक्के शिसंच असतं. हिंगूळ वेगळा, तो पाऱ्याचा सल्फाइड. आज आपल्याकडे हिंदीच्या वळणाने 'सिंदूर' म्हणजे भांगात भरायची कोणतीही लाल भुकटी. ती स्टार्च किंवा टाल्कमध्ये कृत्रिम रंग मिसळूनही करतात, म्हणून नावावरून आत काय आहे ते कळत नाही. सौंदर्यप्रसाधनाला रंग द्यायला शिशाची संयुगं वापरायची कायद्यानेच मनाई आहे. पण पुडीवर 'केवळ पूजेसाठी' लिहिलं असेल, तर ती प्रसाधन म्हणून विकलेलीच नाही. ती भांगात भरू नका.

आता कुंकवाचं. कुंकू म्हणजे मुळात हळद. हळद चुन्याने लाल होते, किंवा टाकणखार (बोरॅक्स) आणि लिंबाच्या रसाने. घरी पाहायचं तर पांढऱ्या बशीत चिमूटभर कुंकू घेऊन लिंबाचे चार थेंब टाका. चुन्याने लाल केलेली हळद लगेच पिवळी पडते. टाकणखाराचं कुंकू लालच राहतं, आणि कृत्रिम रंगही बहुधा तसाच राहतो. म्हणून दुसरी चिमूट साध्या पाण्यात टाका. हळदीचा रंग पाण्यात फारसा उतरत नाही. पाणी लगेच भडक गुलाबी झालं तर रंग कृत्रिम.

एक पुस्ती. या परीक्षेने हळद कळते, शिसं कळत नाही. हळदीतच लेड क्रोमेट या शिशाच्या पिवळ्या रंगाची भेसळ असली तरी लिंबाने ती पिवळीच दिसणार. निव्वळ शेंदूर हळदीपेक्षा कितीतरी जड, हातात पुडी घेतली की जाणवतं. थोडी भेसळ मात्र वजनावरून पकडता येत नाही. त्यासाठी एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत 'शिसं, पीपीएममध्ये' (दहा लाख भागांत किती भाग) अशी नेमकी तपासणी मागा. नुसतं 'शुद्धता तपासा' म्हणाल तर भलतंच मोजून देतील.

डोळ्यांचं बघणारी : काजळ-सुरम्याचं मी सांगते. काजळ, म्हणजे कज्जल, ही दिव्याची काजळी. तेलातुपाची वात पेटवून वर पितळी ताटली धरायची, जमलेली काजळी खरवडून साजूक तुपात खलायची. त्यात धातू नाही. सुरमा फारसीतून आला. तो दगड कुटून करतात आणि तो दगड बहुतेकदा गॅलेना, म्हणजे शिशाचा सल्फाइड असतो. त्यात 86 टक्के शिसं. करड्या रंगाची, धातूसारखी चमकणारी जड पूड दिसली की समजावं. अंजन हा व्यापक शब्द, डोळ्यांत घालायचं काहीही. त्यामुळे 'अंजन' एवढंच लिहिलेल्या डबीवर घटक वाचल्याशिवाय भरवसा नको. अमेरिकेत सुरम्याला प्रसाधनातला रंग म्हणून परवानगी नाही.

महालकर : बाळाला काजळ घालायचं की नाही मग?

डोळ्यांचं बघणारी : डोळ्यांत नाही, घरचंही नाही. बोटाने जंतू जातात. सुरमा तर अजिबात नको. बाळ डोळे चोळतं, तीच बोटं तोंडात घालतं, शिवाय अश्रू नाकावाटे घशात उतरतात. लहानग्यांच्या मेंदूला शिशाची सुरक्षित अशी कोणतीच मात्रा ठाऊक नाही. तीट लावायचीच तर घरच्या काजळाची, कानामागे. आतापर्यंत सुरमा घातला असेल तर आज बंद करा आणि बालरोगतज्ज्ञांना रक्तातल्या शिशाची तपासणी लिहून द्यायला सांगा. वरून काहीच दिसत नसलं तरी करा.

धंतोलीचे वैद्य : 'हर्बल सिंदूर' या शब्दालाही भुलू नका काकू. डबीवर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी, या चारही गोष्टी हव्यात. सुटं मिळतं त्यावर यातलं काहीच नसतं. आणि कपाळावर टिकलीच्या जागी खाज किंवा फिकटपणा दिसला तर नुसता ब्रँड बदलू नका, टिकली लावणंच थांबवा. काही गोंदांत पॅरा-टर्शरी-ब्यूटिल फिनॉल असतं. ते कातडीचा रंग बनवणाऱ्या पेशी मारतं आणि तिथे पांढरा डाग पडतो. लवकर थांबवलं तर रंग परत यायची आशा जास्त, तरी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच.