टेल्मिसार्टन चांगली, पण नागपूरच्या उन्हाळ्यात जपून

बीपीच्या अम्लोडिपिन या गोळीने पाय सुजतात, म्हणून सरळ टेल्मिसार्टन ही बीपीचीच दुसरी गोळी सुरू करा, असं काही जण सुचवतात. अर्धं पटलं. आमच्या आईच्या पायात संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतलेला दिसायचा, घोट्याजवळ अंगठ्याने दाबलं की खळगा पडायचा. पण ती अम्लोडिपिनच्या १० मिलिग्रॅमवर होती. ५ वर हा त्रास बराच कमी असतो. या गोळीने बारीक रक्तवाहिन्या सैलावतात आणि पाणी पायात उतरतं, म्हणून लघवीच्या गोळीने ही सूज फारशी हटत नाही. डॉक्टरांनी डोस निम्मा करून सोबत टेल्मिसार्टन ४० दिली, तेव्हा उतरली.

टेल्मिसार्टनने सहसा पाय सुजत नाहीत, रामिप्रिल या बीपीच्या आणखी एका गोळीसारखा कोरडा खोकलाही क्वचितच. मात्र तिची भानगड डोळ्यांना दिसत नाही, रक्तात कळते: पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं) वाढू शकतं. सुरू केल्यावर काही आठवड्यांत तपासायलाच हवं. 'बीपीला चांगलं' म्हणून लो सोडियम मीठ आणलं असेल तर पाकीट वाचा, त्यात बहुधा पोटॅशियमच असतं. आणि भाऊ, मे महिन्यात इथे पारा ४५ ला टेकतो. जुलाब, ऊन लागणं, वरून गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी, असं सगळं जमलं की किडनीवर येतं. अशा दिवशी टेल्मिसार्टन घ्यायची की थांबवायची, हे तुमचे डॉक्टर धंतोलीतल्या खासगी दवाखान्यात असोत की मेडिकलला, म्हणजे सरकारी रुग्णालयात, उन्हाळ्याआधीच विचारून ठेवा. गरोदरपणात तर ती चालतच नाही. अम्लोडिपिनला या रक्ततपासण्यांची कटकट नाही, हेही तिच्या बाजूने धरा.