रोहित पक्षी पाय का नाचवतात? सातवीच्या मुलांना नेमकं काय सांगू?

खाडीकाठची बाई, ऐरोली

नमस्कार मंडळी. ऐरोलीतल्या एका शाळेत मी सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. प्रश्न रोहित पक्ष्यांचा आहे, म्हणजे आपण सगळे ज्यांना फ्लेमिंगो म्हणतो त्यांचा. पण तो मला का पडला ते आधी सांगते.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत वर्गाला ठाणे खाडीवर नेलं होतं. ओहोटी लागली होती. पलीकडे भांडुपची बाजू धूसर दिसत होती आणि मधल्या चिखलावर लांबच लांब गुलाबी पट्टा. माझ्या शेजारी एक मुलगा उभा होता, त्याचे आजोबा खाडीत मासेमारी करतात. तो म्हणाला, "बाई, ते बघा, पाय नाचवतायत. पाय नाचवले की खालचं खाणं वर येतं, मग ते खातात." मी त्याला म्हटलं, "नाही रे, चिखलात पाय रुतू नयेत म्हणून हलवत राहतात." हे मी कुठे वाचलं होतं? कुठेच नाही. त्या क्षणी जे सुचलं ते बोलून मोकळी झाले. तो गप्प झाला. परत शाळेत येईपर्यंत त्याने एकही प्रश्न विचारला नाही, एरवी त्याचं तोंड बंद नसतं.

मग दिवाळीच्या सुट्टीत मे २०२५मधलं एक संशोधन वाचनात आलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथले व्हिक्टर ओर्तेगा-हिमेनेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोहित पक्षी खातात कसे हे वेगवान कॅमेऱ्याने टिपलंय. नॅशव्हिलच्या प्राणिसंग्रहालयातल्या पक्ष्यांना त्यांनी उथळ ट्रेमधून खायला शिकवलं आणि लेझरच्या उजेडात पाणी कसं फिरतं ते पाहिलं. पक्षी पाय आपटतो, त्याने तळाचा गाळ भोवऱ्यासारखा फिरत सुटतो. उलटी धरलेली मान झटक्यात वर ओढतो, सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर वेगाने, की पाण्यात छोटं वादळ तयार होतं. चोच पाण्यात सेकंदाला बारा वेळा उघडझाप करते आणि खाणं आत खेचलं जातं. तो मुलगा बरोबर होता.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन आहे आणि मला हाच विषय घ्यायचाय. पण यावेळी अंदाजाने काही बोलायचं नाही. तो अभ्यास चिली देशातल्या जातीवर झालाय. आपल्याकडे येतात त्या दोन जाती वेगळ्या. मग "आपले रोहितही असंच करतात" असं मुलांना ठामपणे सांगू शकते का? हा भोवरा शाळेत, शंभर-दोनशे रुपयांत दाखवता येईल का? आणि स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने विचारलं, "पक्षी आले काय न आले काय, माणसाला काय फरक पडतो?" त्याला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही, ते मनात राहिलंय. कुणी मदत कराल?

प्राणिशास्त्रवाला, ठाणे पश्चिम

ताई, मी कॉलेजात शिकवतो. आधी एक दुरुस्ती, कारण तुम्हाला नेमकंच सांगायचंय. रोहित पाय आपटतात हे पक्षीनिरीक्षकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. त्यांची चोच गाळणीसारखी कशी चालते यावर पेनेलपी जेनकिन यांचा मोठा शोधनिबंध १९५७चा आहे. नवीन आहे ते पाण्याचं वागणं मोजणं. चोच ही नुसती बसून राहिलेली गाळणी आहे, आलेलं पाणी गाळते, असंच बहुतेक जण समजत होते. हे लोक म्हणतात की पक्षी स्वतः पाणी फिरवतो आणि पळणारा जीव त्या भोवऱ्यात पकडतो. चोचीच्या प्रतिकृतीवर केलेल्या प्रयोगात नुसत्या उघडझापेमुळे आत जाणारी खारी कोळंबी, म्हणजे ते मिठागरात असतात तसले बारीक जीव, सातपट वाढली.

आता जातींचं. आपल्या खाडीत मोठा रोहित आणि लहान रोहित असे दोन्ही येतात. मोठ्याची चोच फिकट गुलाबी, फक्त टोक काळं. लहान्याची चोच इतकी गडद लाल की लांबून काळीच वाटते. मोठा रोहित बारीक कोळंबीवर्गीय जीव, अळ्या, शंखातले प्राणी असं खातो. लहान रोहित मुख्यत्वे निळं-हिरवं शेवाळ आणि डायाटम नावाचं एकपेशीय शैवाल. पळणाऱ्याला पकडायचं तर भोवरा हवा, शेवाळ कुठे पळतंय? म्हणून चिलीच्या जातीचा निष्कर्ष मोठ्या रोहिताला जास्त लागू पडावा असं मला वाटतं. त्यांचं खाणं आणि चोच दोन्ही एकमेकांच्या जवळची आहेत. लहान्याबद्दल मी ठामपणे बोलणार नाही, तुम्हीही बोलू नका. मुलांना सरळ सांगा की प्रयोग अमुक जातीवर झाला, आणि आपली जात काय करते ते आपण जाऊन बघू.

दिवाळे कोळीवाडा

बाई, मी बेलापूरच्या दिवाळ्याचा. वडिलांची होडी होती, मी नोकरी करतो, पण सुट्टीला अजून खाडीत जातो.

तुमच्या त्या पोराने जे सांगितलं ते आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. पण एक फरक सांगतो. मोठे असतात ते घोटाभर, गुडघाभर पाण्यात उभे राहून एकाच जागी पाय मारत गोल फिरतात. मान खाली, पाय चालू, स्वतःभोवतीच फेरा. पाणी पूर्ण ओसरल्यावर तिथे चिखलात वाटोळी चर दिसते आणि मधे उंचवटा राहतो. वडील त्याला "ताटल्या" म्हणायचे. "आज ताटल्या खूप पडल्यात" म्हणजे मोठे रोहित येऊन गेले. लहान असतात ते असं फार करत नाहीत. ते ओळीने चालतात आणि चोच चिखलाच्या सायीवरून डावी-उजवी फिरवत जातात, झाडू मारल्यासारखी. ती साय म्हणजे चिखलावर चढलेला हिरवट-तपकिरी थर, उन्हात चमकतो. बोटाने खरवडला तर बुळबुळीत लागतो.

दुसरं असं की ते खाऊन गेलेल्या पट्ट्यात निवट्या, म्हणजे चिखलात बिळं करून राहणारे मासे, लगेच बाहेर येत नाहीत, बराच वेळ बिळातच बसतात. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही, पाहिलंय.

आणि बाई, भरतीच्या वेळी मुलांना खाडीवर नेऊ नका, काही दिसणार नाही. भरती आली की ते नेरुळच्या तळ्यांकडे, एनआरआय वसाहतीच्या मागे, चाणक्य संस्थेजवळच्या पाणथळीत जाऊन एका पायावर झोपतात. ती तळी बुजली तर त्यांनी भरतीत बसायचं कुठे?

प्राणिशास्त्रवाला, ठाणे पश्चिम

दादा, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. त्या "ताटल्यां"सारख्या खुणा मोठ्या रोहिताच्या आणि चिलीच्या रोहिताच्या बाबतीत अभ्यासकांनीही नोंदवल्या आहेत, अगदी मधल्या उंचवट्यासकट. आणि तुम्ही ज्याला साय म्हणता त्यातच डायाटम असतात. ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापेक्षा तुम्ही चांगलं दिलंत. निवट्यांचं निरीक्षण कृपा करून लिहून ठेवा. तारीख, वेळ, ओहोटीची पातळी, जागा. वहीत लिहा, पण लिहा.

द्रव आणि दाब, घोडबंदर रोड

मी पंपांच्या डिझाइनमध्ये काम करतो, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हात शिवशिवतायत.

पारदर्शक प्लास्टिकचा खोल डबा घ्या, चार इंच पाणी भरा. उकळून गाळलेली चहापत्ती धुऊन त्यात टाका आणि पूर्ण तळाशी बसू द्या, दहा-पंधरा मिनिटं कुणी हात लावायचा नाही. वरणाचा डाव घ्या. त्याची वाटी उपडी करून तळाजवळ नेऊन धरा आणि एका झटक्यात सरळ वर ओढा. खालून पत्ती फिरत वर येताना दिसेल. हळू ओढलात तर पत्ती जागची हलणार नाही, आणि हा फरकच मुलांना दाखवायचाय. ४० सेंटिमीटर प्रतिसेकंद म्हणजे फार वेग नाही, मुलांचा हात सहज तेवढा चालतो. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये बाजूने शूट करा, मागे पांढरा कागद आणि कडेने टॉर्च.

पायासाठी दोन पावलं करा. एक जाड कार्डबोर्डला सेलोटेप गुंडाळून, म्हणजे कडक. दुसरं आइस्क्रीमच्या तीन काड्या पंख्यासारख्या बांधून त्यावर जुन्या रबरी हातमोज्याचा तुकडा सैल चिकटवून. रोहिताच्या बोटांमधला पडदा असाच लवलवीत असतो, पाय उचलला की मिटतो, टेकला की पसरतो. बर्कलीच्या लोकांनीही कडक आणि लवचीक अशी दोन्ही पावलं करून पाहिली होती. लवचीक पावलाने भोवरे पुढे, म्हणजे चोच जिथे असते तिकडे ढकलले जातात. तुमच्या डब्यात हे तितकं स्वच्छ दिसेलच असं नाही, आठ-दहा वेळा करून बघा. फसलं तर फसलेला व्हिडिओही प्रदर्शनात ठेवा, त्याखाली का फसलं ते मुलांकडून लिहून घ्या.

खर्च: हातमोजे नवे घेतले तरच.

अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, कळवा

तुमच्या सहकाऱ्यांच्या प्रश्नावर. "माणसाला काय फरक पडतो" हे एका पक्ष्याच्या बाबतीत अर्थशास्त्रज्ञांनी मोजलंय, आणि तो पक्षी आपल्याच देशातला. गिधाड.

वॉरिक विद्यापीठाचे अनंत सुदर्शन आणि शिकागो विद्यापीठाचे एयाल फ्रँक यांचा निबंध २०२४मध्ये "अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू"मध्ये आला. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध १९९४च्या सुमारास स्वस्त झालं आणि गुरांना सर्रास दिलं जाऊ लागलं. अशा गुराचं मढं खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. काही वर्षांत गिधाडं जवळपास संपली. खरं कारण २००४मध्ये उघड झालं, २००६मध्ये गुरांसाठीच्या औषधावर बंदी आली. मधल्या काळात मेलेली गुरं उघड्यावर, पाण्याच्या कडेला सडत राहिली, भटकी कुत्री वाढली, पाणी दूषित झालं. २००० ते २००५ या पाच वर्षांत यामुळे सुमारे ५ लाख जास्तीची माणसं गेली असा त्यांचा हिशोब आहे.

पद्धत मुलांना अशी सांगता येईल. दोन सोसायट्या घ्या, वर्षानुवर्षं दोन्हीकडे डास सारखेच. एका वर्षी एकीचं गटार तुंबलं आणि फक्त तिथले डास वाढले. पाऊस, पालिका, हवा सगळं दोन्हीकडे सारखंच होतं, तेव्हा वाढलेले डास गटाराच्या खात्यावर. त्यांनी सोसायट्यांच्या जागी जिल्हे घेतले: जिथे पूर्वी गिधाडं भरपूर राहू शकत होती असे, आणि जिथे मुळातच कमी होती असे. औषध येण्याआधी दोन्हीकडचे मृत्युदर सोबत चालत होते. नंतर गिधाडांच्या जिल्ह्यांत ते ४ टक्क्यांहून जास्त वाढले.

पण ताई, हा आकडा घेऊन "रोहित गेले तर माणसं मरतील" असं कृपया लिहू नका. गिधाडाचं काम वेगळं, रोहिताचं वेगळं. सहकाऱ्यांना एवढंच सांगा की गिधाडं होती तेव्हा त्यांची किंमत कुणी विचारली नव्हती. मोजणी झाली ती ती गेल्यावर. माझी आजी मुरबाडकडची. गावाबाहेर ढोर टाकायची जागा होती आणि तिथे झाडं गिधाडांनी काळी दिसायची असं ती सांगायची. मी एकही गिधाड पाहिलेलं नाही.

खाडीकाठची बाई, ऐरोली

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण घरी चहापत्ती घेऊन बसले होते. डावाचा प्रयोग पाचव्यांदा जमला. पत्ती अशी गिरकी घेत वर आली की माझी लेक स्वयंपाकघरातून ओरडली, "आई, परत!" पावलांचा मात्र अजून जमलेला नाही. काड्यांवरचा रबर सुटतो, फेविक्विकने बघते.

काल वर्गात त्या मुलाला पुढे बोलावलं. सगळ्यांसमोर सांगितलं की गेल्या वर्षी तू खाडीवर जे म्हणालास ते बरोबर होतं, मी चुकीचं सांगितलं होतं, आणि न वाचता सांगितलं होतं. तो आधी जमिनीकडेच बघत होता. मग मी दिवाळ्याच्या दादांचा प्रतिसाद वाचून दाखवला. "ताटल्या" शब्द आला आणि त्याने मान वर केली. म्हणाला, "बाई, आमचे आजोबा त्याला परात म्हणतात. पण मधे डोंगर राहतो ते खरंय." मग फळ्यावर त्याने चित्र काढलं: गोल चर, मधे उंचवटा, चरीच्या कडेने पावलांचे तीन बोटांचे ठसे, बोटांच्या मधे पडद्याच्या पुसट रेषा. ते ठसे मी इतकी वर्षं खाडीवर जाऊनही पाहिले नव्हते.

प्रदर्शनाचा तक्ता आता असा होईल. एका बाजूला बर्कलीचा अभ्यास, जातीचं नाव ठळक. दुसऱ्या बाजूला आपली खाडी, आणि तिथे मोठा रोहित, लहान रोहित असे दोन रकाने, सध्या रिकामे. ते मुलं भरणार. एका पक्ष्याकडे पाच मिनिटं बघायचं: पाय किती वेळ मारले, गोल फिरला की सरळ चालला, चोच काळी की गुलाबी. गिधाडांचा तक्ता सातवी ब करणार आहे, दोन सोसायट्यांच्या चित्रासकट. सहकाऱ्यांना तो मजकूर वाचायला दिला. त्यांनी तो घरी नेलाय.

दिवाळ्याच्या दादांना एक विनंती. येत्या ओहोटीच्या एखाद्या शनिवारी सकाळी आमच्याबरोबर याल का? छत्तीस मुलं आहेत, दोन शिक्षक आणि त्या मुलाचे आजोबा. दुर्बिणी दोनच आहेत, कुणाकडे जास्तीची असेल तर एका दिवसापुरती हवी आहे, मी स्वतः येऊन घेईन आणि संध्याकाळी परत आणून देईन.

दिवाळे कोळीवाडा

येतो. भरती-ओहोटीचं कोष्टक बघून तुम्हाला तारीख कळवतो. मुलांना चपला नकोत, जुने बूट घाला, कालवांचे कवच पायाला कापतात. आणि आजोबांना विचारून ठेवा, निवट्यांचं त्यांनीही पाहिलंय का.