फ्रिज नको, तेल चालेल
पीसी थंड राहावा म्हणून कोणीतरी तो अख्खाच फ्रिजमध्ये ठेवायचं म्हणतंय, तो नाद सोडा राव. घरगुती फ्रिजचा कॉम्प्रेसर मधे मधे बंद पडायच्या हिशोबाने बनवलेला असतो आणि गेमिंग पीसी म्हणजे आत सतत ३००-४०० वॉटचा हीटर, मग कॉम्प्रेसर बिचारा थांबणारच नाही आणि आतलं तापमान वाढत जाणार ते वेगळंच.

पीसी मिनरल ऑइलमध्ये (पेट्रोलियमपासून बनणारं रंगहीन तेल) बुडवायचा प्रकार मात्र खरंच चालतो. फिशटँकमध्ये मदरबोर्ड, ग्राफिक कार्ड सगळं बुडवायचं, तेलातून वीज वाहत नाही म्हणून शॉर्ट होत नाही, पंखे पण आत संथपणे फिरत राहतात, बघायला जाम भारी वाटतं. पण तेल तापायला वेळ लागतो ना, त्यामुळे पहिले काही तास सगळे खूष, नंतर ती उष्णता बाहेर काढायला पंप आणि रेडिएटर लागतोच (अशा पीसीच्या व्हिडिओत हे कोण दाखवतंय!). साधी हार्डडिस्क बाहेरच ठेवा, बहुतेकींना हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून तेल शिरलं की खेळ खल्लास, एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवाली डिस्क) बुडवली तरी चालते. शिवाय तेल केबलमधून वर चढून टेबलावर ठिबकतं, आणि रॅम बदलायची म्हटलं की कोपरापर्यंत हात बरबटणार.

आयडिया तशी जुनीच, १९८५ चा क्रे-२ सुपरकॉम्प्युटर फ्लोरिनर्ट नावाच्या, वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेला असायचा.

नुसतं तापमानच कमी करायचं असेल तर आधी अंडरव्होल्टिंग (प्रोसेसर किंवा ग्राफिक कार्डला मिळणारं व्होल्टेज थोडं कमी करणं) करून बघा, फुकटात होतं.