कृपा फुकट आहे, मग भरपाई कशाची?

द्राक्षवेल: समजा, मंडळीच्या (चर्चच्या) खजिनदाराने निधीतले 50,000 रुपये स्वतःसाठी वापरले आणि उघडकीला आल्यावर रडून क्षमा मागितली. बहुतेक जण म्हणतील, "आधी पैसे भरू दे, मग क्षमेचं बघू." इथेच आपण शुभवर्तमान (देवाची कृपा न कमावता मिळते हा येशूचा संदेश) उलटं करतो. बायबलातल्या लूकच्या पुस्तकाचा 19 वा अध्याय बघा. जक्कय यरीहोचा मुख्य जकातदार. येशूला बघायला चढलेला तो उंबरावर असतानाच, पाचव्या वचनात, येशू सांगतो की आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेलं चौपट परत, हे जक्कय आठव्या वचनात बोलतो. आधी हिशेबाची वही मागितली असती, तर तो खाली उतरलाच नसता. भरपाई हे कृपेचं फळ आहे. तिला प्रवेशफी केलं की कृपा उरत नाही.

उंबराखालचा: क्रम अर्धाच सांगितलात. "आज ह्या घराला तारण झालं आहे" हे नवव्या वचनात येतं, चौपटीचा शब्द दिल्यानंतर. बायबलातल्याच लेवीय पुस्तकाच्या 6 व्या अध्यायात तर हिशेबच मांडून दिलाय: मुद्दल अधिक पंचमांश, ज्याचं त्याला, आणि तेही दोषार्पणाच्याच (अपराधाबद्दल वाहायच्या बळीच्या) दिवशी. तुमच्या खजिनदाराचे 60,000 होतात. जक्कयाने स्वतःला लावून घेतलेला दर निर्गम 22 मधल्या मेंढरचोराचा, एकाला चार. त्या दराने दोन लाख. मत्तय 5 सुद्धा सांगतो की अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर. कृपेचं नाव घेऊन नुकसान मात्र ज्याचं झालं त्याच्याच माथी मारायचं, हे मला मान्य नाही. घरात मार खाणाऱ्या बाईला "प्रभूने क्षमा केली, तूही कर" असं सांगून परत पाठवतात, ते ह्याच चुकीतून.

मोहरीदाणा: कॅथलिक बाजूने थोडं. पापनिवेदनात पश्चात्ताप, कबुली, धर्मगुरूंकडून पापमुक्ती आणि प्रायश्चित्त असे भाग असतात. आज पापमुक्ती प्रायश्चित्त पुरं व्हायच्या आधीच मिळते. पण चोरलेलं परत करायचा निश्चयच नसेल, तर तो पश्चात्ताप खरा धरत नाहीत. पाप पुसलं जातं, त्याने केलेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. कृपा आपल्या कोणत्याही गुणामुळे मिळत नाही, हे लुथरन (प्रोटेस्टंटांमधला एक पंथ) आणि कॅथलिकांनी 31 ऑक्टोबर 1999 ला आउग्सबुर्गच्या संयुक्त घोषणेत मान्य केलंय. तेव्हा हा वाद दोन पंथांमधला समजू नका.

द्राक्षवेल: निश्चय ठीक. पण ऐपतच नसेल तर? मत्तय 18 मध्ये येशूने सांगितलेल्या दृष्टांतात राजाच्या चाकराचं देणं दहा हजार तालांत. एका तालांताचे साधारण 6,000 दीनार, आणि दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी! तो म्हणतो, वेळ द्या, सगळं फेडतो. राजा हप्ते बांधून देत नाही, सगळंच सोडतो.

उंबराखालचा: राजा स्वतःचं येणं सोडतो, दुसऱ्याचं नाही. सगळी गोम इथेच आहे. विधवांसाठी जमवलेला पैसा माफ करायचा अधिकार पाळकांना नाही, कमिटीलाही नाही. ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असेल तर कायदाही आड येतो. फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल काय करतो? तुझा गुलाम अनेसिम ह्याचं काही देणं असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, मी फेडीन, असं स्वहस्ते लिहितो. बुडालं तर बुडू दे, असं तो फिलेमोनाला सांगत नाही. ज्यांना खजिनदाराची दया येते, त्यांनी वर्गणी काढून त्याचं भरावं. मला ती खरी कृपा वाटेल.

द्राक्षवेल: पौलाचा दाखला बिनतोड आहे, वर्गणीची सूचनाही मनापासून पटली. मग असं करावं: पद त्याच दिवशी काढून घ्यायचं, हिशेब बाहेरच्या लेखापरीक्षकाकडे द्यायचा, हप्ते लेखी ठरवायचे आणि पुन्हा पैशाच्या कामावर नेमायचं नाही. पण उपासनेतली जागा, घरभेटी आणि प्रभुभोजन (उपासनेतला भाकर-द्राक्षारसाचा विधी) ह्यांना हप्त्यांची अट नको. जकातदारांसोबत येशू जेवायला बसायचा तेव्हा त्यांच्याकडून आधी काही वसूल करत नव्हता.

उंबराखालचा: घरभेटी जरूर, पहिल्या आठवड्यापासून. प्रभुभोजनाबाबत मात्र नाही. पौलाच्या 1 करिंथ पत्राच्या 11 व्या अध्यायात प्रभुभोजनाआधी स्वतःची परीक्षा करायला सांगितलंय. निदान हप्त्यांच्या कागदावर त्याची सही होईपर्यंत त्याने थांबावं.