पिरी रईसच्या नकाशात खरंच अंटार्क्टिका आहे का? ध्रुवांचे जुने नकाशे तपासायचे कसे?

रेघोट्या:

पिरी रईस या ऑटोमन (तुर्की) दर्यावर्द्याच्या १५१३ च्या नकाशात अंटार्क्टिकाचा बर्फाखालचा किनारा काढलेला आहे, हा दावा पुन्हा सगळीकडे फिरतोय. त्याला आधार म्हणून दोन गोष्टी पुढे केल्या जातात. पहिली म्हणजे ६ जुलै १९६० चं अमेरिकी हवाई दलातल्या लेफ्टनंट कर्नल ओल्मेयर यांचं पत्र. नकाशाचा खालचा भाग अंटार्क्टिकाच्या क्वीन मॉड लँड या भागाच्या किनाऱ्याशी जुळतो, असं त्यात म्हटलंय. दुसरी म्हणजे फ्रेंच नकाशाकार ओरोन्स फिनेचा १५३१ चा नकाशा. त्यातला दक्षिण खंड पाहिल्यावर आजच्या अंटार्क्टिकाची आठवण होते, हे मान्य करावंच लागेल.

उत्तरेकडे मात्र उलटं चित्र दिसतं. फ्लेमिश नकाशाकार मर्केटरच्या १५९५ च्या नकाशात ऐन ध्रुवावर काळा खडक आहे आणि त्याच्याभोवती चार मोठी बेटं आहेत. यातलं काहीच अस्तित्वात नाही. जिथे त्या काळी कोणी पोचलंच नव्हतं तिथला नकाशा बरोबर, आणि जिथे डच-इंग्रज जहाजं ये-जा करत होती तिथला चूक, हे पटत नाही. अशा नकाशांची अचूकता नुसत्या नजरेने न ठरवता मोजून ठरवायची असेल तर काय करावं?

खडक_बर्फ:

पिरी रईसपासून सुरुवात करतो, कारण तिथे मोजण्याआधी वाचणं पुरेसं आहे. १९२९ मध्ये इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात सापडलेला हा तुकडा म्हणजे मूळ जगनकाशाचा एक भाग, कातड्यावर काढलेला. आपण कोणकोणत्या जुन्या नकाशांवरून हा जुळवला, हे पिरी रईसने स्वतःच त्यावर लिहून ठेवलंय. त्यात कोलंबसचा नकाशाही येतो. ज्या दक्षिण किनाऱ्याला अंटार्क्टिका म्हणतात, त्याच्या शेजारची टीपही वाचा. हा मुलूख ओसाड आहे, इथे मोठे साप आहेत, हा भाग फार उष्ण आहे असं म्हणतात आणि म्हणून पोर्तुगीज इथे उतरले नाहीत, असा तिचा आशय आहे. क्वीन मॉड लँडचं हे वर्णन कसं असेल?

आता आकार. त्या नकाशात दक्षिण अमेरिकेचा किनारा खाली येता येता पूर्वेला वळतो आणि तसाच अखंड पुढे जातो. दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामध्ये सुमारे ८०० किलोमीटर रुंदीची ड्रेक सामुद्रधुनी आहे, तिचा पत्ताच नाही. म्हणजे दावा मान्य करायचा तर बर्फाखालचा किनारा बरोबर काढणाऱ्याला मधला एवढा समुद्र दिसला नाही, असंही मानावं लागेल. खालचा किनारा कातड्याच्या कडेला जागा पुरेना म्हणून वळवलेला दक्षिण अमेरिकेचाच भाग असावा, किंवा तेव्हा सर्रास मानल्या जाणाऱ्या दक्षिण खंडाची कल्पना असावी. मला पहिली शक्यता जास्त पटते.

‘बर्फाखालचा किनारा’ या शब्दप्रयोगातच मोठी गफलत आहे. आज रडारने बर्फाखालचा खडक मोजतात, आणि त्या खडकाची समुद्रसपाटीवरची रेघ म्हणजे बर्फ नसतानाचा किनारा, असं गृहीत धरलं जातं. पण बर्फाच्या वजनाने खडक खचलेला असतो. बर्फाची घनता घनमीटरला सुमारे ९१७ किलो, पृथ्वीच्या कवचाखालच्या प्रावरणाची (खडकाच्या जाड थराची) ३,३०० च्या आसपास. म्हणजे ३,००० मीटर जाडीचा बर्फ खडकाला ढोबळमानाने ८०० मीटर खाली दाबतो. बर्फ गेला की हजारो वर्षांत खडक हळूहळू वर येणार. शिवाय अंटार्क्टिकाचा सगळा बर्फ वितळला तर जगभर समुद्र सुमारे ५८ मीटर चढेल. या दोन्ही दुरुस्त्या केल्यावर येणारा किनारा आजच्या रडार नकाशातल्या रेघेपासून कित्येक ठिकाणी खूप दूर पडतो. तेव्हा एखादा जुना नकाशा त्या रेघेशी जुळलाच, तरी तो योगायोगच म्हणावा लागेल.

काळाचंही तेच. क्वीन मॉड लँडमध्येच कोहनेन तळावर सुमारे २,७७० मीटर खोल भोक पाडून बर्फाचा गाभा काढलाय, आणि त्यात सुमारे दीड लाख वर्षांची नोंद आहे. पूर्व अंटार्क्टिकावरचं मोठं हिमआवरण तर सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वीपासूनचं. अमेरिकी लेखक चार्ल्स हॅपगुड यांनी १९६६ मध्ये मांडलेला, काही हजार वर्षांपूर्वी कोणीतरी बर्फ नसलेल्या किनाऱ्याची मोजणी केल्याचा तर्क इथेच संपतो. भारताचं मैत्री हे संशोधन केंद्र याच क्वीन मॉड लँडमध्ये, शिर्माकर ओअॅसिसच्या उघड्या खडकावर आहे. त्याआधीचं दक्षिण गंगोत्री किनाऱ्याच्या हिमफळीवर (समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थरावर) बांधलं होतं आणि साचत जाणाऱ्या बर्फात गाडलं गेल्याने १९९० मध्ये बंद करावं लागलं. त्या भागात समुद्राला लागून जे दिसतं ते मुख्यतः अशा तरंगत्या हिमफळीची कड असते.

उत्तरायण:

पिरी रईसबद्दल सहमत, पण फिनेचा नकाशा एवढ्यावर निकालात निघत नाही. त्यातला खंड ध्रुवाभोवती आहे, साधारण गोल आहे, एका बाजूला आत शिरलेला समुद्र आहे. रॉस समुद्राशी तुलना होते ती उगाच नाही.

खडक_बर्फ:

तुलना होते, पण कशी होते ते बघा. फिनेचा खंड आहे तिथेच ठेवला तर जुळत नाही. तो लहान करावा लागतो, सरकवावा लागतो, वर फिरवावाही लागतो. एवढी मोकळीक घेतली तर आत एक खाच असलेला कोणताही गोलसर आकार अंटार्क्टिकाशी जुळवता येईल. खरी परीक्षा वेगळी: न फिरवता, न सरकवता, त्याच्याच अक्षांश-रेखांशांवर ठेवून बघायचं. तसं केलं तर खंड खऱ्यापेक्षा कितीतरी मोठा निघतो आणि मॅगेलनच्या सामुद्रधुनीला येऊन भिडतो. आणि अंटार्क्टिकाची सगळ्यात ठळक खूण, दक्षिण अमेरिकेकडे वर आलेला लांब द्वीपकल्प, त्यात नाहीच. मॅगेलनने १५२० मध्ये सामुद्रधुनीच्या दक्षिणेला जमीन पाहिली होती. ती टिएरा डेल फ्यूगो हे बेट आहे हे माहीत नसल्याने तीच या खंडाची उत्तर कड धरली गेली. बाकीचा किनारा कल्पनेने भरलेला आहे. खंड खरोखर नजरेला पडला तो १८२० मध्ये.

तांडेल:

उत्तरेबद्दल लिहितो. मर्केटरचा १५९५ चा नकाशा एकसंध समजू नका. ध्रुवावरचा खडक आणि चार बेटं त्याने घेतली ती एका हरवलेल्या प्रवासवर्णनाच्या गोषवाऱ्यावरून. १५७७ मध्ये इंग्रज विद्वान जॉन डी यांना लिहिलेल्या पत्रात त्याने हे सविस्तर सांगितलंय. त्याच नकाशातला नॉर्वेचा किनारा मात्र जहाजं रोज वापरत असलेल्या माहितीवरून आलाय. दोन्ही एकाच तांब्याच्या पत्र्यावर, सारख्याच ठाशीव रेघेने कोरलेले, म्हणून आपली फसगत होते. डच दर्यावर्दी विल्यम बॅरेंट्सचा १५९८ मध्ये छापलेला नकाशा शेजारी ठेवा: रशियाच्या उत्तरेकडच्या नोव्हाया झेमल्या बेटांचा पश्चिम किनारा आणि स्पिट्सबर्गेनचा पाहिलेला भाग आहे, ध्रुवाभोवतीची चार बेटं गायब आहेत.

आता मोजमापाचं. अक्षांश आणि रेखांश यांच्या चुका कधीही एकत्र करू नका, कारण त्या वेगळ्या कारणांनी होतात. अक्षांश मिळतो दुपारच्या सूर्याच्या उंचीवरून. हाताच्या लाकडी साधनाने पाव अंशाची चूक सहज होते, म्हणजे सुमारे २८ किलोमीटर. ध्रुवाजवळ यात आणखी एक भर पडते. तिथे सूर्य कायम खाली असतो आणि हवेतल्या वक्रीभवनामुळे (प्रकाश वाकल्यामुळे) तो आहे त्यापेक्षा वर दिसतो: १० अंश उंचीवर सुमारे ५ मिनिटं (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), ५ अंशांवर १० मिनिटं, क्षितिजावर ३४ मिनिटं. गार, घट्ट हवेत हे आणखी वाढतं. २४ जानेवारी १५९७ ला बॅरेंट्सच्या माणसांना ७६ अंश उत्तरेला सूर्याची कड दिसली, ती अपेक्षेपेक्षा सुमारे दोन आठवडे आधी. सूर्य तेव्हा क्षितिजाखाली पाच अंशांहून जास्त होता. सूर्य उंच दिसला की उत्तर गोलार्धात अक्षांश खऱ्यापेक्षा कमी निघतो, म्हणजे जागा दक्षिणेला सरकते. चूक नेहमी एकाच दिशेची असेल तर आधी वक्रीभवनाचा संशय घ्या.

रेखांशाची गोष्ट निराळी. क्रोनोमीटर (जहाजावरचं अचूक घड्याळ) येण्याआधी तो अंतरावरून काढायचे: दोरीला बांधलेली फळी पाण्यात टाकून वेग मोजायचा, होकायंत्रावरून दिशा घ्यायची. पण प्रवाह आणि सरकता बर्फ जहाजाला पाण्यासकट वाहून नेतात, आणि ते फळीला कळत नाही. विषुववृत्तावर १०० किलोमीटर चुकले तर चूक एका अंशाहून कमी. ७५ अंशांवर एक अंश रेखांश म्हणजे जेमतेम २९ किलोमीटर, म्हणून तीच चूक साडेतीन अंशांची दिसते. घड्याळाच्या बाबतीत उलटं होतं. घड्याळ एक मिनिट चुकलं की रेखांश १५ मिनिटांनी चुकतो. विषुववृत्तावर ते २८ किलोमीटर होतात, ७० अंशांवर साडेनऊच. त्यामुळे ध्रुवाकडच्या नकाशांची रेखांशातली चूक नुसती अंशांत सांगणं दिशाभूल करणारं आहे, किलोमीटरमध्येही सांगा.

होकायंत्राचाही तिथे भरवसा नसतो. सुई फिरते ती चुंबकीय क्षेत्राच्या आडव्या जोरावर, आणि चुंबकीय ध्रुवाजवळ तो जोर जवळपास शून्य होतो. जेम्स क्लार्क रॉसने १ जून १८३१ ला बूथिया द्वीपकल्पावर सुईचा कल ८९ अंश ५९ मिनिटं मोजला, म्हणजे सुई जवळपास सरळ खाली.

अक्षांश ठीक, रेखांश चूक असला की काय होतं याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे इंग्रज दर्यावर्दी फ्रोबिशर. १५७६ मध्ये तो कॅनडाच्या उत्तरेकडच्या बॅफिन बेटावरच्या एका खाडीत शिरला आणि तिला सामुद्रधुनी समजला. वाटेत दिसलेलं ग्रीनलंडचं दक्षिण टोक त्याला फ्रिसलंड वाटलं, कारण सोबतच्या १५५८ च्या झेनो नकाशात तसं काल्पनिक बेट होतं. अक्षांश बऱ्यापैकी बरोबर असल्याने पुढच्या नकाशाकारांनी त्याची ‘सामुद्रधुनी’ त्याच अक्षांशाच्या आसपास ग्रीनलंडच्या दक्षिण भागातून आरपार काढली, आणि ती दोनशेहून अधिक वर्षं तिथेच राहिली. ती बॅफिन बेटावरची बंद खाडी आहे हे चार्ल्स फ्रान्सिस हॉलने दाखवलं ते १८६१ मध्ये.

उत्तरायण:

यात एक वर्ग राहिला: माणूस तिथे गेला, साधनं चांगली होती, तरीही नसलेली जमीन काढली. थंड पृष्ठभागावर उबदार हवेचा थर आला की प्रकाश खाली वाकतो आणि दूरचा बर्फ उचलला जाऊन डोंगररांगेसारखा दिसतो. १८१८ मध्ये जॉन रॉसने कॅनडाच्या उत्तरेकडच्या लँकेस्टर साउंड या जलमार्गाच्या तोंडाशी क्रोकर पर्वत पाहिले आणि माघारी फिरला. पुढच्याच वर्षी पॅरी त्याच जागेवरून शिडं लावून ११० अंश पश्चिमेच्या पलीकडे गेला. दक्षिणेत अमेरिकी मोहिमेचा प्रमुख विल्क्स याने १८४० मध्ये दाखवलेल्या जमिनीच्या काही भागावरून जेम्स क्लार्क रॉसची जहाजं दुसऱ्याच वर्षी गेली. तरी विल्क्सची सगळीच मोजणी टाकाऊ ठरत नाही. तिथल्या स्वच्छ हवेत लांबचं जवळ वाटतं आणि अंतराचा अंदाज चुकतो. जमीन होती, पण आणखी दक्षिणेला. म्हणून नकाशासोबत जहाजाची रोजनिशी मिळाली तर ‘पाहिलं’ आणि ‘उतरलो’ या नोंदी वेगळ्या काढा.

नकाशाघर:

मोजण्याची पद्धत सांगतो. मर्केटरच्या १५९५ च्या नकाशात ध्रुव मध्यभागी आहे आणि अक्षवृत्तं समान अंतरावर, त्यामुळे सुरुवात पट्टीनेही होते. समजा छापील प्रतीत ६० अंशांच्या वर्तुळाची त्रिज्या १८० मिलिमीटर आली, तर एका अंशाला ६ मिलिमीटर पडले. एखादं भूशिर मध्यापासून ८४ मिलिमीटरवर असेल तर ते ध्रुवापासून १४ अंश, म्हणजे ७६ अंश उत्तर. आधी ८० अंशांचं वर्तुळ चार दिशांनी मोजून घ्या. कागद एका दिशेने जास्त आकसलेला असतो, तो फरक नकाशाकाराच्या माथी मारू नका.

संगणकावर करायचं तर क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमधलं जिओरेफरन्सर (नकाशाची प्रतिमा खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवणारं साधन) पुरेसं आहे. खुणेचे बिंदू पक्क्या खडकाचे निवडा: नॉर्थ केप ७१°१०' उत्तर, २५°४७' पूर्व, वार्डो ७०°२२', ३१°०६', नोव्हाया झेमल्याचं झेलानिया भूशिर ७६°५७', ६८°३४', ग्रीनलंडचं फेअरवेल भूशिर ५९°४६' उत्तर, ४३°५५' पश्चिम. किमान पंधरा-वीस बिंदू असावेत आणि नकाशाभर विखुरलेले असावेत. प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची रीत) नकाशाचं स्वतःचं द्या: अॅझिम्युथल इक्विडिस्टंट, केंद्र उत्तर ध्रुव. रूपांतर हेल्मर्ट निवडा, त्यात फक्त सरकवणं, फिरवणं आणि लहानमोठं करणं एवढंच होतं. थिन प्लेट स्प्लाइन चुकूनही वापरू नका. ते प्रत्येक बिंदू ओढून बरोबर जागी बसवतं आणि उरलेली चूक शून्य दाखवतं, म्हणजे जे मोजायचं तेच पुसलं जातं.

जुन्या नकाशांचं शून्य रेखावृत्त ग्रीनिचचं नसतं. सगळ्या बिंदूंच्या रेखांशातल्या फरकाची सरासरी काढून ती वजा करा, उरेल ती खरी चूक. मग अक्षांशाची आणि रेखांशाची चूक वेगळी मांडा. चुकांचे बाण हवे असतील तर मॅपअॅनालिस्ट हे मोफत सॉफ्टवेअर खास जुन्या नकाशांसाठीच आहे.

रेघोट्या:

मनापासून आभार. फिनेसाठी हीच पद्धत दक्षिणेला वापरता येईल का? तिथे खुणेचे बिंदू कुठले घेऊ?

नकाशाघर:

दक्षिण खंडासाठी नाहीत, आणि तेच त्याचं उत्तर आहे. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिकेचे बिंदू घेऊन नकाशा बसवा आणि खंड कुठे पडतो ते बघा. खंडावरचाच बिंदू धरून बसवलंत तर जे सिद्ध करायचं ते आधीच मानल्यासारखं होईल.

पद्धतीचा सराव करायचा असेल तर इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुकच्या दुसऱ्या सफरीतला, १७७५ चा दक्षिण जॉर्जियाचा नकाशा घ्या. त्या सफरीत केंडॉलचं क्रोनोमीटर जहाजावर होतं. त्याच्या जोडीला दक्षिण अटलांटिकमधलं बूव्हे बेट. फ्रेंच दर्यावर्दी बूव्हेने १ जानेवारी १७३९ ला ५४ अंश दक्षिणेला पाहिलेली ही जमीन खरी आहे आणि अक्षांशही बरोबर, पण रेखांश कित्येक अंश पूर्वेला नोंदवला गेला, म्हणून कुकला शोधूनही ती सापडली नाही. रॉस समुद्राकडे वळलात तर जेम्स क्लार्क रॉसने १८४१ मध्ये काढलेली हिमभिंतीची कड मात्र बिंदू म्हणून घेऊ नका. ती बर्फाबरोबर वर्षाला शेकडो मीटर पुढे सरकते आणि हिमनग तुटले की मागे जाते. १९०२ मध्ये स्कॉटला ती काही ठिकाणी रॉसच्या रेघेपेक्षा बरीच दक्षिणेला सापडली होती. एरेबस आणि टेरर ही शिखरं घ्या.