नागकेशराचे तीन नमुने, तिन्ही वेगळे. भिंग, नाक आणि जीभ यांवर ओळख पटेल का?

चिमूटभर_चूर्ण (वेंगुर्ले):
चूर्णासाठी नागकेशर मागवलं तर तीन ठिकाणांहून तीन वस्तू आल्या. पहिल्या पुडीत तांबूस-तपकिरी गोल कळ्या, बारीक देठांसकट. दुसऱ्यात लवंगेची आठवण करून देणारे काळपट दाणे. तिसऱ्यात सोनेरी-तपकिरी तंतू, भाव सगळ्यांत चढा. हाताशी फक्त दहापट मोठं दाखवणारं भिंग आहे. त्यात पावसाळा, त्यामुळे तिन्हींना थोडा कुबट वास. काय तपासू आणि कुठल्या क्रमाने?

खलबत्ता:
भारताच्या आयुर्वेदिक फार्माकोपियाप्रमाणे (औषधांच्या अधिकृत मानकांचा ग्रंथ) नागकेशर म्हणजे नागचाफ्याचे (मेसुआ फेरिआ) वाळलेले पुंकेसर. म्हणजे तुमची तिसरी पुडी, निदान दिसायला तरी. पहिली पुडी तुमच्या शेजारच्याच झाडाची निघेल: सुरंगीच्या कळ्या, बाजारातलं ‘तांबडं नागकेशर’. दुसरी ‘काळं नागकेशर’, दालचिनीच्या जातकुळीतल्या झाडांची कोवळी फळं.

पांढऱ्या कागदावर चमचाभर माल पसरा. खिडकीजवळ बसा, पण थेट उन्हात नको आणि पिवळ्या दिव्याखाली तर नकोच, त्या उजेडात कळी आणि तंतू दोन्ही एकाच रंगाचे दिसतात. नागचाफ्याचा अखंड पुंकेसर साधारण १ ते २ सेंमी. भिंगातून खाली नाजूक तंतू आणि वर लांबट परागकोश असे दोन भाग दिसले पाहिजेत. बोटांत चुरडला की सहज भुगा होतो. वास मंद सुगंधी, चव तुरट.

कळ्यांची खात्री करायची तर आठ-दहा कळ्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, मग सुईने उघडा. सुरंगीचं बाहेरचं आवरण दोन शकलांत फुटतं. नागचाफ्याला निदलं (कळीच्या बाहेरच्या आवरणाची दलं) चार, दोन-दोनच्या जोडीत. वाळलेली कळी कोरडीच फोडलीत तर आवरणाचे वाटेल तसे तुकडे होतात आणि मोजणी फसते. नवखा माणूस हमखास इथेच चुकतो.

काळ्या दाण्यांना इतकं लागत नाही. खलात दोन दाणे ठेचा, दालचिनीचा वास लगेच येईल.

कडू_इंद्रजव:
क्रम असा ठेवा: नजर, स्पर्श, वास आणि चव अगदी शेवटी. उलट केलंत तर जिभेवरचा तुरटपणा पुढच्या वासातही डोकावतो.

पण त्याआधी कुबटपणाचं बघा. ओल धरलेल्या मालावर घेतलेली कुठलीच परीक्षा खरी नाही: साल मोडायच्या ऐवजी वाकते, तंतू चुरडायच्या ऐवजी वळतात. कडक उन्हात टाकू नका, सुगंध उडून जाईल. आपल्याकडच्या श्रावणात सावलीत काही वाळत नाही हेही खरं. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा हुंगा. तरीही कुबट असेल तर ती बुरशी. तो माल परत करा.

वास घेताना एकदम जोराने ओढू नका. काचेच्या छोट्या भांड्यात थोडा माल घेऊन सावकाश दोन-तीनदा हुंगा. वास नाहीच आला तर तळहातावर चुरडा. ज्या वस्तूला हात लावायची भीती वाटते, तिच्या कुटलेल्या चिमटीवर उकळतं पाणी ओतून वाफेचा वास घ्या. दोन नमुन्यांमध्ये थोडं थांबा, नाक लवकर थकतं.

चवीला गव्हाच्या दाण्याएवढं पुरे. पुढच्या दातांनी दहा-पंधरा सेकंद चावा, थुंका, चूळ भरा, पाच मिनिटं थांबा. कडू वस्तू सगळ्यांत शेवटी. आणि ओळख पटली नसेल तर चाखायचंच नाही. बटणासारख्या चपट्या, करड्या, रेशमी लव असलेल्या बिया, म्हणजे आपला काजरा, जिभेजवळही नेऊ नका. बिब्ब्याला तर उघड्या हातानेही शिवू नये.

खलबत्ता:
एक राहिलं. तिसऱ्या पुडीत पाकळ्या, देठ, वाळू किती आहे ते काढा: ५० ग्रॅम तोला, चिमट्याने निवडा, कचरा वेगळा तोला. किनाऱ्यावरच्या उंडीचे पुंकेसरही यात मिसळतात. रंगात किंवा लांबीत दोन सरळ गट पडलेले दिसले तर मला शंका येईल. मग मात्र भिंगावर भागणार नाही, सूक्ष्मदर्शक लागेल.

कडू_इंद्रजव:
सुरंगीला ‘बनावट’ म्हणणं मला पटत नाही. ती वेगळी वस्तू आहे, तिच्या कळ्यांनी पूर्वी रेशीमही रंगवत. डब्यावर ‘सुरंगी’ लिहा आणि नागकेशराच्या चूर्णात घालू नका, इतकंच. कुटलेलं नागकेशर मात्र कधीच घेऊ नका. पूड झाली की लांबी, आवरण, परागकोश सगळं गेलं, उरतो रंग आणि थोडा वास.

चिमूटभर_चूर्ण:
दहा कळ्या भिजवल्या, दहाही दोन शकलांत उघडल्या. काळ्या दाण्यांना दालचिनीचा वास आहे. तंतू आज रात्री सिलिका जेलमध्ये.