'सशर्त संकलन' बरोबर आहे का? (कर्नेलमधला इफडेफ)

लिनक्स कर्नेलच्या बिल्ड एररवर मराठीत टिपण लिहितोय आणि शीर्षकातच अडकलो. कंडिशनल कंपायलेशनला, म्हणजे इफडेफसारखी अट लावून कोडचा तुकडा कंपाइल करायचा की वगळायचा ते ठरवण्याला, 'सशर्त संकलन' लिहिलं तर मित्र विचारतो, सिनेमाचं एडिटिंग का? दुसरं काही सुचतंय?

— मला तर 'सशर्त' जास्त खटकतं. सशर्त जामीन म्हणजे माणूस आधी बाहेर येतो आणि अट पुढे पाळत बसतो. इथे उलटं, अट आधीच तपासली जाते आणि नापास झालेला कोड प्रीप्रोसेसर (कंपायलरच्या आधी कोडवरून हात फिरवणारा) गाळून टाकतो, कंपायलरला तो दिसतच नाही, म्हणून त्यात फंक्शनचं नाव चुकलेलं असलं तरी तुमच्या मशीनवर सगळं आलबेल आणि दुसऱ्या कुणी वेगळं कॉन्फिग लावलं की बोंब. मी आपली 'गाळीव कोड' म्हणते.

— 'गाळीव' मस्त! पण खरा घोळ 'डिफाइन्ड'च्या अर्थात आहे. लोक इफडेफ वाचताना मनात 'फीचर चालू असेल तर' असं वाचतात, तो विचारतो फक्त 'या नावाचा मॅक्रो (प्रीप्रोसेसरला सांगून ठेवलेलं नाव) आहे का'. कर्नेलमध्ये बऱ्याच ऑप्शनना वाय (कर्नेलमध्येच बिल्ट-इन), एम (नंतर लोड होणारं वेगळं मॉड्यूल), एन (नको) अशी तीन उत्तरं असतात, आणि एम म्हणजे मॉड्यूल निवडलं की मूळ नावाचा मॅक्रो बनतच नाही, शेपटीला 'मॉड्यूल' लावलेला वेगळाच बनतो. फीचर आहे पण इफडेफ म्हणतो नाही. त्यासाठी इज-एनेबल्ड हा कर्नेलचा मॅक्रो वापरा, वाय आणि एम दोन्हीला हो म्हणतं, शिवाय सीच्या साध्या इफमध्ये लिहिता येतं, म्हणजे कंपायलर तो कोड तपासतो आणि नको असेल तर नंतर काढतो.

— थांबा, माझी एरर लिंक करताना, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडताना येते, 'अनडिफाइन्ड रेफरन्स'. इज-एनेबल्ड लावूनसुद्धा.

— मग तुमचा कोड बिल्ट-इन असणार आणि ज्याला हाक मारताय ते मॉड्यूल. मॉड्यूल नंतर लोड होणार, व्हीएमलिनक्स (कर्नेलची मुख्य फाइल) जोडताना ते हाताशी कुठून असणार? इथे इज-रीचेबल लागतं, 'आहे का' नाही, 'पोचता येतं का'. नाहीतर केकॉन्फिगमध्ये (जिथे हे ऑप्शन लिहिलेले असतात) डिपेंड्स ऑन नीट लिहा, ते जास्त बरं.

— आणि सी फाइलभर इफडेफ पेरू नका हो, हेडरमध्ये एल्सखाली स्टॅटिक इनलाइन रिकामं फंक्शन ठेवा. अशा रिकाम्या फंक्शनला, म्हणजे स्टबला, मी 'बुजगावणं' म्हणतो, करत काही नाही पण शेतात उभं असतं.

— बुजगावणं घेतलं! आता फक्त एक वॉर्निंग उरली, 'डिफाइन्ड बट नॉट यूज्ड'.

— बघा, इथला 'डिफाइन्ड' परत वेगळा, म्हणजे फंक्शनचं अंग लिहिलंय. त्याला बोलावणारी ओळ गाळली गेली, फंक्शन मागे राहिलं. त्यावर मेबी-अनयूज्ड लावा. याला आमच्या आजीकडे तयार शब्द होता, रिकामा डबा फेकायला निघालं की म्हणायची, 'असू दे, लागेल कधीतरी'.